घट यंदा बोरिवलीला

बोरिवली,
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलायला जमत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा "बघू, अजून वेळ आहे" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. आई भाजी निवडता निवडता भलताच विषय काढते. तर सरळच सांगते. यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं आमच्याकडे यायचं, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत इथेच राहायचं. दादाशी बोलणं झालंय, त्यालाही पटलंय. आई, पितृपक्षात असलं काही ठरवू नये म्हणशील, म्हणून सांगते, ठरलं होतं ते गणपतीतच. कागदावर फक्त आज उतरतंय.

"लेकीच्या घरी घट?" हे तुझं पहिलं वाक्य असणार, माहीत आहे मला. म्हणून आधी गुरुजींना विचारून घेतलं. ते म्हणाले, कुलाचार बाबांचा, संकल्प बाबांच्या नावागोत्राचा, पूजेला तुम्ही दोघं बसणार, मग छप्पर कोणाचं हा प्रश्न येतोच कुठे? आमच्या ह्यांच्या घरचा घट साताऱ्याला मोठ्या भाऊजींकडे असतो, त्यामुळे एका घरात दोन घट अशीही अडचण नाही. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, समई कुठली ठेवणार? मी म्हटलं, अक्काआजीचीच. तेव्हा ती तेवढी आठवणीने आणा. देवीचा टाक आणि अन्नपूर्णा तू तुझ्या सोवळ्याच्या डब्यात ठेव आणि डबा मांडीवरच घेऊन बस, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको.

गिरगावच्या चाळीच्या जिन्याबद्दल मी फार लिहीत नाही. श्रावणात दुसऱ्या माळ्याच्या वळणावर बाबांना घेरी आली तेव्हा कठडा हाताशी होता. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आता बरं वाटतंय, हेही खरं. पण नवरात्रात बाबा दिवसातून किती वेळा खाली-वर करतात ते मी लहानपणापासून बघतेय. सकाळी भुलेश्वरच्या फूलगल्लीत माळेची फुलं, मग राहिलेला कापूर, मग कोणीतरी दर्शनाला आलं की त्यांना खालपर्यंत सोडायला. त्यात ऑक्टोबर. पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमाराला माघारी फिरतो, वारा जमिनीकडून वाहायला लागतो आणि समुद्राचं वारं सुटायला दुपार उलटते. तोवर पारा ३५च्या पुढे गेलेला असतो. जून-जुलैत जो जिना निभतो तो ह्या उकाड्यात निभेलच असं नाही. घाम जातो, पाणी प्यायचं राहतं, रक्तदाबाची गोळी तर पोटात असतेच, आणि मग डोळ्यांपुढे अंधारी येते. तुम्ही थकलात असं माझं म्हणणं नाही, बाबा. आमच्याकडे लिफ्ट आहे, एवढंच.

खोलीची काळजी करू नका. मागच्या बाजूची, झाडांकडे तोंड असलेली खोली तुमची. कॉट उंच होती, तिचे पाय सुताराकडून कापून घेतले, आता आईचे पाय जमिनीला नीट टेकतात. कापसाची गादी पिंजून आणली आहे, फोमची नाही. संडास खोलीला लागूनच आहे आणि भिंतीला धरायला दांडा बसवलाय, रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जायला नको. बाबांचा पेपर सहाच्या आत दाराशी येईल, तसं पेपरवाल्याला सांगून झालंय. दुपारी आईला जमिनीवर पडायला लागतं म्हणून चटई आणि पातळ वाकळ काढून ठेवली आहे. पहाटेचा चहा आई स्वतः करणार असेल तर गॅसपाशी कोणी मध्ये येणार नाही. गरब्याचा आवाज इथे जास्त असतो हे मान्य. शेवटच्या काही दिवशी तो बारापर्यंत चालतो. पण मैदान पुढच्या बाजूला आहे. खिडकी लावली की तुमच्या खोलीत पंख्याचाच आवाज काय तो येतो.

आता घटाचं. पूर्वेकडच्या कोपऱ्यात जागा रिकामी केली आहे, लाकडी पाट, त्यावर पत्रावळ. काळी माती नर्सरीतून आणून, चाळून, उन्हात वाळवून ठेवली. मातीचा घट मात्र नेहमीच्या माणसाकडूनच घ्या, मला इथला भरवशाचा वाटत नाही. आई, गिरगावच्या देवघराच्या कोनाड्यात उजेड शिरत नाही, म्हणून आपलं धन दरवर्षी पिवळंधमक उगवतं. इथे सकाळचं ऊन थेट येतं, ते हिरवं येईल. तुला पिवळंच हवं असणार, दसऱ्याला तेच माझ्या वेण्यांत खोवायचीस आणि बाबांच्या टोपीत. तसं असेल तर त्या कोपऱ्याला पडदा लावून देते. पाणी किती शिंपडायचं ते तूच बघ. मी घातलं की माती कुजते आणि तू काही न बोलता नुसती बघत राहतेस.

तोरणाचं मी ठरवून टाकलंय. दसऱ्याच्या आदल्या पहाटे मी दादरच्या फुलमंडईत जाईन, बाबांनी यायचं नाही. झेंडू किलोवर आणते, आंब्याचे डहाळे आणते. स्टेशनबाहेर भाताच्या लोंब्या घेऊन बायका बसतात, त्यांच्याकडून लोंब्या. ओवायचं काम तुम्हा दोघांचं. बाबांचा दोरा आणि आईची सुई, तसंच. आणि आपट्याची पानं बघून घेते. आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याच सर्रास विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद, हे बाबांनीच शिकवलंय. फांद्यांचा भारा नको, माणशी एक पान पुरे. झाडं ओरबाडून होणारा दसरा बाबांना कधीच आवडला नाही, आता मलाही आवडत नाही.

कोजागिरीला, म्हणजे नव्याच्या पुनवेला, आपल्या दापोलीच्या रीतीने नवं बांधायचं. भात, नाचणी, वरीची कणसं, कुरडूची फुलं, आंब्याचं पान. किती वर्षं आपण नुसती लोंबी बांधून भागवतोय! यंदा गावाहून येणाऱ्या गाडीवाल्याला सांगून ठेवलंय, तो सगळं घेऊन येईल. एक जुडी दाराला, एक देवाला, एक तांदळाच्या डब्याला, आजी बांधायची तशी. धाकटीने हे कधी पाहिलेलंच नाही. तिच्या शाळेत शरद ऋतू म्हणून लाल-पिवळी पानं रंगवायला देतात, तसली पानं तिने मुंबईत कुठे बघायची? तिला कळायला हवं की आपल्याकडे शरद आला की पान गळत नाही, दाणा भरतो. हे तिला मी सांगण्यापेक्षा तिच्या आजोबांनी हातात लोंबी देऊन सांगितलेलं बरं.

रात्री गच्चीवर दूध. केशर, चारोळी, जायफळ, सगळं आईच्या हातचं. बाबांच्या पेल्यात साखर नाही, हे आत्ताच लिहून ठेवते. आणि वारा असेल तर कानटोपी. मला आठवतं, चाळीच्या गच्चीवर मी कधीच झोपून गेलेली असायचे, बाबा उचलून घ्यायचे आणि माझ्या ओठांना पेला लावायचे. दूध कोमट झालेलं असायचं, वर साय. डोळे न उघडताच प्यायचे मी. अजूनही कोणी मसाला दूध दिलं की आधी बाबांच्या सदऱ्याचा वास येतो.

कंदिलाबद्दल बाबा, एक विनंती आणि एक हुकूम. विनंती अशी की चांदणी तुम्हीच करायची, बाजारातली नको. माहीमच्या कंदील गल्लीतून कामट्या आणि पतंगी कागद आणून ठेवते, खळ आई शिजवेल, नातू दोरा धरेल. तुमच्या हाताने बांधलेले कोन जसे बसतात तसे कोणाचे बसत नाहीत. हुकूम असा की स्टुलावर चढायचं नाही. त्या वर्षी शिडीवरून जे झालं ते पुन्हा बघायची माझी छाती नाही. टांगायचं काम जावई करतील, तुम्ही खुर्चीवर बसून डावीकडे-उजवीकडे सांगा. दिवा एलईडीचा लावू, तो तापत नाही, कागद काळा पडत नाही. आई, रांगोळीसाठी फळीवर गेरू लावून ती तुझ्यासमोर टेबलावर ठेवीन. ठिपके तिथे काढ, उकिडवं बसायचं नाही. फळी मग आम्ही दारात नेऊन ठेवू.

आणि फिरणं. हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण बाबांना यायला लावेल ते हेच. राष्ट्रीय उद्यानाचा दरवाजा आमच्यापासून रिक्षाने जवळ आहे. पाऊस सरला की दहिसर नदीच्या कडेचा रस्ता फार सुंदर होतो. पाणी अजून वाहतं असतं, धूळ नसते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात करडे धोबी पक्षी उत्तरेकडून येतात, दगडादगडावर शेपटी हलवत फिरतात. फुलपाखरंही ह्याच दिवसांत भरपूर. आपल्या राज्याने २०१५ साली ज्याला राज्यफुलपाखराचा मान दिला तो मोठा काळा-निळा ब्ल्यू मॉर्मनही दिसतो, नुसत्या डोळ्यांनी, चष्मा पुसावा लागत नाही. २०२४ ला कारवी फुलली तेव्हा बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, जमलं नाही. ती आठ वर्षांनी फुलते, म्हणजे आता २०३२. तेव्हाही आपण जाऊ, पण त्याआधीच्या सगळ्या शरदांत बाकीचं खूप काही आहे बघायला, ते आत्ता बघू.

मात्र नियम माझे. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, तिथे बिबटे आहेत आणि अंधारात एकट्याने फिरू नये. नऊच्या आत घरी. पाण्याची बाटली गळ्यात. सोमवारी उद्यान बंद, त्या दिवशी इमारतीच्या बागेत फेऱ्या. कान्हेरीला चालत नाही, आतल्या बसने जायचं आणि वरच्या लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. खालचं मोठं चैत्यगृह पाहून कठड्यावर बसायचं. आत कसलंही पान-फूल तोडायचं नाही, बाबा, अगदी अभ्यासासाठीसुद्धा. तुम्ही मला पहिल्यांदा उद्यानात नेलंत ते वनराणीत, तिथल्या छोट्या आगगाडीत, बसवायला. तेव्हा बोरिवली म्हणजे परगाव वाटायचं आणि आई पोळ्यांचा डबा घ्यायची.

आई, तुझ्यासाठीही काम काढलंय, नुसतं बसून राहायला तुला आवडत नाही. इमारतीतल्या मुलींना भोंडला खेळायचाय आणि सबंध गाणी कोणालाच येत नाहीत. मोबाइल मधे ठेवून गातात. पाटावर हत्ती काढायला, फेर धरून गाणी सांगायला आणि खिरापत कोणालाही ओळखता येणार नाही अशी करायला तूच हवीस. मी सगळ्यांना सांगून बसलेय की माझी आई येतेय.

गिरगावची खोली बंद पडणार नाही. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या, त्या तुळशीला पाणी घालतील आणि संध्याकाळी देवघरात निरांजन लावतील, मी बोललेय त्यांच्याशी. दसऱ्याला दुपारी मी स्वतः जाऊन तिथल्या दाराला तोरण बांधीन, उंबऱ्यावर हळदकुंकू घालीन, चाळीत सगळ्यांना सोनं देऊन येईन. दिवाळीत वसुबारसेपासून तिथेही पणती लागेल. घर तुमचंच आहे, तिथेच परत जायचंय. त्याबद्दल कोणी, मीसुद्धा, वेगळं काही मनात आणलेलं नाही. हे तुम्हाला विचारायचं असतं पण तुम्ही विचारत नाही, म्हणून लिहिलं.

आता काय आणायचं ते. औषधं महिनाभराची, मूळ पाकिटांत, डब्यात ओतून नाही. डॉक्टरांची फाइल. बाबांचे दोन्ही चष्मे. कानाच्या मशीनचे सेल. अक्काआजीची समई, घट, टाक, अन्नपूर्णा. बस. लोणच्याची बरणी नको, तांब्याचा हंडा नको, लिंबाची कुंडी तर मुळीच नको. बाबा, सुरवंट पानं खातात ती खाऊ देत, काकू पाणी घालतील. माळ्यावरची ट्रंक काढायची नाही. तिच्यातलं काही हवं असेल तर मी आल्यावर काढेन.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दहा वाजता हे स्वतः टॅक्सी घेऊन येतील आणि तुम्हाला एकेकाला हात धरून खाली आणतील. सामान ते उचलतील. प्रिन्सेस स्ट्रीटवरून सागरी रस्त्याने वरळी आणि पुढे सी लिंकने आलं की वेळ बराच वाचतो. आई समुद्राच्या बाजूला बसेल.

बाबा, उत्तराला फोन नको, फोनवर तुम्ही "बघू" म्हणाल. ह्या पत्राच्या मागच्या पानावर मी रेघा आखून दिल्यात, त्यावर नऊ माळांना कुठली फुलं लागतात ते क्रमाने लिहा आणि रविवारी दादा येईल त्याच्या हाती द्या. शेवंती महाग व्हायच्या आत मला फुलवालीला सांगून ठेवायचंय.

तुमची,
बाय