चार तासांचा पगार : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी सातपूरला एका कारखान्यात कामाला आहे. आई गावी असते, सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर. श्रावणबाळ योजनेचे तिचे पैसे पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत जमा होतात. आमचे ग्रामीण डाकसेवक, म्हणजे खेड्यात टपाल वाटणारे दादा, मशीन घेऊन ओट्यावर येतात, आई अंगठा लावते. आयुष्यभर भाताची लावणी केलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत, त्यामुळे अंगठा चार-पाच वेळा लावावा लागतो. रेंज नसली तर दोघं टेकाडावर जाऊन उभी राहतात. तिच्यासारख्या घरांमध्येच दादांची दुपार सरते. त्याआधी टपालाचा बटवडा झालेला असतो, आणि नंतर नवी खाती, विमा यांचं टार्गेट असतंच.

या कामाचा पगार मात्र चार तासांचा धरला जातो.

डाकसेवकांच्या पगाराचा विचार करायला नेमलेल्या कमलेश चंद्र समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला. तो लागू व्हावा म्हणून डाकसेवकांना २०१८ च्या मे महिन्यात बेमुदत संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी आली. रोजच्या चार तासांसाठी शाखा डाकपालांना (गावातलं छोटं डाकघर सांभाळणाऱ्यांना) १२,००० आणि डाकसेवकांना १०,००० रुपये महिन्याची मूळ रक्कम ठरली. त्यावर महागाई भत्ता मिळतो, हे मला माहीत आहे. तरीही दिवसभर राबणाऱ्या माणसाचं घर त्यात चालत नाही. दादा म्हणूनच पहाटे शेतावर असतात.

आणखी एक गोष्ट शहरातल्या लोकांना सांगितली तर खरी वाटत नाही. शाखा डाकघराची जागा शाखा डाकपालानेच द्यायची असते. आमच्याकडचं डाकघर म्हणजे डाकपालांच्या घराची पडवी. पावसाळ्यात ताडपत्री लावून वह्या कोरड्या ठेवतात. त्यातच लेकींच्या सुकन्या खात्यांची पासबुकं आणि ग्रामीण टपाल विम्याच्या पावत्या असतात. हे आमचे पैसे आहेत साहेब.

१२ डिसेंबर २०२३ ला डाकसेवक पुन्हा संपावर गेले. आठ तासांचं काम, १२, २४ आणि ३६ वर्षांच्या सेवेनंतर पगारवाढ, पेन्शन, या मागण्या होत्या. त्या दिवसांत आई जीपने तालुक्याला गेली, रांगेत उभी राहिली आणि पैसे न मिळताच परत आली. मला राग आला होता. दादांना फोन करून वाटेल ते बोललो. ते एवढंच म्हणाले, "मावशीला सांग, संप मिटला की आधी तिच्याकडेच येतो." आणि आले. त्या फोनची मला आजही लाज वाटते. राग यायलाच हवा होता, पण तो दिल्लीवर. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

संपात ग्राहकांचे हाल होतात, असं दर वेळी सांगितलं जातं. होतात. पण एरवीही डाकसेवक आजारी पडला आणि बदली माणूस मिळाला नाही की टपाल तसंच पडून राहतं. मुलाखतीचं पत्र तारीख उलटून गेल्यावर हातात पडलेली मुलं आमच्या भागात आहेत.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने डाकसेवकांचं पद नागरी, म्हणजे सरकारी पद असल्याचा निकाल दिला. तरी वेतन आयोग आला की यांच्यासाठी वेगळी समिती. घरोघर पेन्शन पोहोचवणारा माणूस पासष्टीला निवृत्त होतो, तेव्हा त्याला खात्यातल्या जुन्या पोस्टमनसारखी पेन्शन नसते.

आता आठव्या वेतन आयोगाचं काम सुरू आहे. डाकसेवकांना या वेळी बाहेर ठेवू नका. कामाचे तास मोजताना मशीनवरचे व्यवहार, टार्गेट आणि पाड्यापाड्यांमधलं अंतर धरा. डाकघराच्या जागेचं भाडं द्या. आणि हे कधीपर्यंत करणार, ती तारीख सांगा. आईला ती दादांच्या तोंडूनच कळू दे.

आपला,
एक टपाल ग्राहक
सातपूर, नाशिक