पुराच्या बातमीला निघालेल्या मुलीस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

उद्या पहाटे कॉलेजचे तुम्ही चौघं सांगलीकडे निघताय, हा तुझा निरोप रात्री आईनं मोठ्यानं वाचला आणि फोन माझ्या हातात देऊन ती आत गेली. दादाच्या त्या वेळेनंतर पाण्याचा विषय निघाला की ती अशीच उठते, तुला ठाऊक आहे. मी काही तुला जाऊ नको म्हणणार नाही. पत्रकारिता शिकायची आणि नदीला पूर आला की वसतिगृहात बसून राहायचं, हे मलाही पटत नाही. एकच गोष्ट सांगतो, पुन्हा काढणार नाही: पाण्यात उतरायचं नाही.

वाहतं पाणी सहा इंच असलं तरी माणसाचा पाय उचलतं. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पुलावरून पाणी जात असेल तर खालचा भराव शाबूत आहे की खचलाय, हे वरून कुणालाच दिसत नाही. ‘आत्ताच एक ट्रॅक्टर गेला’ हे पलीकडे जायचं कारण होत नाही.

आता कामाचं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. कोल्हापूरला पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथे ३९ आणि ४३. एका नदीचा आकडा दुसरीच्या मोजपट्टीवर लावू नकोस. नियंत्रण कक्षातला माणूस फोनवर ‘एकोणचाळीस पाच’ म्हणाला तर लगेच विचार, फूट-इंच की दशांश? ३९.५ फूट म्हणजे ३९ फूट ६ इंच. ३९ फूट ५ इंच हा वेगळा आकडा. एक जण टिंब टाकतो, दुसरा ते इंच म्हणून वाचतो, आणि संध्याकाळपर्यंत एकाच पुलाच्या दोन पातळ्या फिरायला लागतात. गल्लीच्या तोंडाशी पाणी थांबलेलं असतं तेव्हा त्या एका इंचावर लोक सामान वर चढवायचं की नाही ते ठरवतात.

पातळीपेक्षा मोलाचा असतो वाढीचा वेग. एकाच पट्टीवरचे तीन आकडे घे, प्रत्येकापुढे वेळ लिही, मग तासाला किती इंच चढतंय ते काढ. नुसतं ‘नदीने धोका पातळी ओलांडली’ वाचून माणूस घाबरतो. ‘दुपारपासून तासाला दोन इंचांऐवजी अर्धा इंच वाढ’ असं वाचलं तर रात्रीचं काय करायचं ते त्याला ठरवता येतं.

विसर्गाच्या, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याच्या, बातमीत हमखास घोळ होतो तो एककांचा. क्युसेक हा वेग, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. टीएमसी हा साठा, एक हजार दशलक्ष घनफूट. ‘पाच टीएमसीने विसर्ग सुरू’ या वाक्याला अर्थच नाही. एक लाख क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं तर ८.६४ टीएमसी होतं, हे एकदा स्वतः कागदावर मांडून बघ म्हणजे पुढे कुठलाही आकडा खटकला की लगेच कळेल. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. ‘सहाही वक्राकार दरवाजे उघडले’ एवढ्यावर थांबू नकोस. किती फुटांनी उघडले, किती वाजल्यापासून, आणि सांगितलेल्या विसर्गात पायथा वीजगृहातून सुटणारं पाणी धरलंय की वेगळं, हे तिन्ही विचार. ते पाणी कराडला कृष्णेत येऊन पुढे सांगलीपर्यंत कधी पोचेल, हेही विचार. नदीकाठच्या माणसाला खरं तर तेवढंच हवं असतं.

पावसाचं थोडक्यात: हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो, म्हणून ‘कालचा पाऊस’ कुठून कुठपर्यंतचा ते लिही. महसूल खात्याच्या लेखी एका मंडलात (काही गावांच्या गटात) चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी. ढगफुटी म्हणायला तासाभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो. नाला फुटला म्हणून ढग फुटला असं होत नाही.

मुंबईच्या वाहिनीलाही बातम्या देणार असं तू लिहिलंस, तिथे मला जास्त काळजी वाटते. ‘राजाराम बंधारा पाण्याखाली’ ही कोल्हापुरात दर पावसाळ्याची ओळ आहे. इशारा पातळीच्या पुष्कळ खालीच तो बुडतो. तीच ओळ दूरच्या डेस्कवर गेली की ‘कोल्हापूर पाण्याखाली’ होते आणि बाहेरगावी असलेल्या लेकी रात्रभर फोन लावत बसतात. स्थानिकाला न सांगता समजतं ते बाहेरच्यासाठी एका वाक्यात लिहावंच लागतं. उलटही खरं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३. ‘मुंबईत पाऊस’ म्हणताना कुठली मुंबई? तसंच अलमट्टीचं, म्हणजे कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या धरणाचं. गावोगाव लोक तुला सांगतील की अलमट्टीमुळेच पाणी चढलं. ते काय म्हणतात ते जरूर लिही, पण त्यांचं म्हणणं म्हणूनच लिही. कारण म्हणून छापण्याआधी त्या दिवशीची अलमट्टीची पातळी, तिथली आवक-जावक आणि आयर्विनची पातळी शेजारी मांड, आणि २०१९च्या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल वाच.

हे व्याख्यान झालं, राग मानू नकोस. तुला बरंचसं माहीतच असेल. तिसरीत असताना पागोळीखाली बाटली ठेवून तू पाऊस मोजायचीस आणि पत्र्यावरचं सगळं पाणी त्यात येतं हे पटेना म्हणून माईंशी दोन दिवस बोलली नव्हतीस. मग आपणहून बाटली अंगणाच्या मधोमध नेलीस. ती वही अजून कपाटात आहे, तारखा, वेळा, सगळं. परवा तुझी वॉर्डातल्या गटारीची बातमी वाचली, त्यात अधिकाऱ्याचं, रहिवाशांचं आणि ठेकेदाराचं असं तिघांचं म्हणणं होतं. मी ती शेजारच्या काकांनाही वाचून दाखवली.

पुन्हा तेच लिहितोय, पण बोटीचं राहिलं. ८ ऑगस्ट २०१९ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तुझ्यासाठी जागा करून देतील, ‘मॅडम, तुम्ही या’ म्हणतील. लाइफ जॅकेट नसेल तर बसायचं नाही, आणि असलं तरी ती जागा आधी कुणाची आहे ते बघायचं. काठावर थांबून परत येणाऱ्यांशी बोललीस तरी बातमी होते.

माणसं घर का सोडत नाहीत, हे विचारशील तेव्हा गोठ्याकडे बघ. जनावरं कुठे न्यायची आणि वैरणीचं काय, याचं उत्तर मिळत नाही तोवर कितीतरी घरांतून एक माणूस मागे राहतो. निवारा केंद्रात पाणी, संडास, बायकांना आडोसा, रोजच्या गोळ्या चालू असलेली म्हातारी माणसं, एवढं आधी बघ. फोटोआधी विचार, लहान मुलांचे चेहरे टाळ. ‘बेपत्ता’ला ‘मृत’ लिहू नकोस. घरच्यांना कळल्याशिवाय नाव नको. नाव मिळालं की गाव, वय आणि स्पेलिंग दोघांकडून ताडून घे. पिकांच्या नुकसानीचा पहिला आकडा नजरअंदाज असतो, पंचनामा पाणी ओसरल्यावर होतो. मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं, म्हणून त्या आकड्यावरून गावात भांडणं होतात. तेव्हा पुन्हा जा. पाणी उतरल्यावर सहसा तिथे कुणी वार्ताहर उरत नाही.

फिरत येणारा व्हिडिओ मूळ पाठवणाऱ्यापर्यंत पोचल्याशिवाय वापरू नकोस. पुलाचा कठडा, दुकानाची पाटी, फलकावरची तारीख बघ. २०१९चे व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात.

फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, पॉवर बँक भरून घे. रेंज क्षीण असेल तर फोन लागत नाही पण साधा एसएमएस जातो. सकाळी आणि अंधार पडायच्या आत एक पाठव, फक्त जागेचं नाव. आईला ‘ठीक आहे’ हे उत्तर पुरत नाही. चुकून पाय भिजलेच आणि कुठे खरचटलेलं असेल तर साबणानं धू आणि त्याच दिवशी डॉक्टरांना लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीचं विचार, ताप येण्याची वाट बघू नकोस. पुराच्या पाण्यात विजेचा खांब किंवा लोंबती तार दिसली तर मागे फिर, आणि बाकीच्या तिघांनाही फिरव.

आयर्विनचा आकडा मलाही कळव, वेळेसकट.

तुझा,
बाबा