स्वद्वैताला आकडा असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पुंजक्षेत्र सिद्धांतावरच्या (क्वांटम फील्ड थिअरी) लेखात स्वद्वैताची बोळवण ‘सारे अखेर एकच आहे’ अशा एका वाक्यात झालेली पाहून, आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला वाईट वाटले. स्वद्वैत म्हणजे वेदान्त नव्हे आणि कण-तरंगांचे द्वैतही नव्हे; एखाद्या सिद्धांताचा अवघड भाग त्याच सिद्धांताच्या सोप्या भागातून उलगडतो, अशी ती नेमकी गोष्ट आहे.

चौकटीच्या वहीचे पान घ्यावे, रेघांच्या प्रत्येक छेदनबिंदूवर वर किंवा खाली तोंड केलेला बाण काढावा आणि शेजारचे बाण विरुद्ध असतील तेथे त्यांच्यामधून रेघ ओढावी. पानाच्या कडा सोडल्या तर या रेघांच्या बंद कड्या होतात, आणि त्या ज्या जाळीवर बसतात तीही चौकटींचीच असते. प्रत्येक बाण म्हणजे एक चिमुकला चुंबक असे मानणाऱ्या, चुंबकाच्या आयझिंग प्रारूपात कमी तापमानाचा हिशेब या कड्यांवर चालतो. जास्त तापमानाचा मांडला तर तेथेही अशाच कड्या येतात. क्रेमर्स आणि वानिए यांनी १९४१ मध्ये हे ओळखले. चुंबकत्व नाहीसे होण्याचे तापमान एकच असेल, तर दोन्ही हिशेब जेथे एकमेकांवर बसतात तेथेच ते असले पाहिजे, एवढ्याच युक्तिवादावर प्रारूप न सोडवता त्यांनी ते काढले: शेजारी बाणांच्या जोडऊर्जेच्या मापात सुमारे २.२६९. ऑनसागर यांनी १९४४ मध्ये संपूर्ण उत्तर दिले तेव्हा हाच आकडा आला. (त्रिकोणी जाळीची जोडीदार षट्कोनी निघते, त्यामुळे तेथे हा मार्ग इतका सरळ नाही.)

दुसरे उदाहरण विद्युत्चुंबकत्वाचे. मॅक्सवेलची निर्वातातील समीकरणे विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांची, एक चिन्ह सांभाळून, अदलाबदल केली तरी तशीच राहतात. एकाकी चुंबकीय ध्रुव (जोडीदाराविना नुसता उत्तर किंवा नुसता दक्षिण) असेल तर विद्युतभार ठरावीक पटींतच असावा लागतो, हे डिरॅक यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्या नात्यात विद्युतभार दुबळा तर चुंबकीय भार बलवान, म्हणजे अदलाबदल केली की अवघड भाग सोप्या भागात जातो. १९७७ मध्ये मॉन्टोनेन आणि ऑलिव्ह यांनी ही अदलाबदल पुंज सिद्धांतातही टिकावी अशी अटकळ मांडली. तिला १९९४ मध्ये बळकट आधार मिळाला तो मुंबईत: ती खरी असेल तर दोन ध्रुवांची एक विशिष्ट बद्ध अवस्था असायलाच हवी, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अशोक सेन यांनी ती अतिसममित (कणांच्या दोन मूलभूत जातींची जोडी जुळवणाऱ्या) सिद्धांतात दाखवून दिली. निसर्गात एकाकी चुंबकीय ध्रुव अजून सापडलेला नाही, हेही वाचकांना सांगायला हवे.

पुढील लेखात वहीच्या पानाला आणि कुलाब्यातील या कामाला मिळून दोन रकाने द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे