मालकाचा माणूस

अलिबाग

चि. बेनी यास अनेक आशीर्वाद,

परवा तू विचारलंस आणि नेमका फोन कटला, म्हणून लिहायला बसलो. इस्राएलच्या पहिल्या राजाने, शौलाने, पोराचं नाव ईश-बोशेथ, म्हणजे 'लाजेचा माणूस', ठेवलंच कसं? कुठला बाप असं नाव ठेवील?

कुठलाच नाही. शौलानेही ठेवलं नव्हतं.

आपल्या शास्त्रातलं इतिहासाचं पहिलं पुस्तक उघड, आठवा अध्याय. शमुवेलाच्या पुस्तकातला ईश-बोशेथ तिथे एश्बाल आहे. हिब्रूत 'बाअल' म्हणजे मालक, धनी. सूनबाई शेजारणीशी बोलताना तुला 'बाअली' म्हणते ना? तुझी आजी 'आमचे मालक' म्हणायची, तेच. एश्बाल, मालकाचा माणूस. शौलाच्या काळी हा शब्द आपल्या देवालाही लावत असावेत, कुणाला त्यात वावगं दिसलं नसावं. पुढे कनानी लोकांच्या बाअल, म्हणजे बाल, नावाच्या दैवताशी वैर इतकं पेटलं की तो शब्दच तोंडी नकोसा झाला. होशेय संदेष्टा तर सांगतो, देवाला यापुढे 'बाली' म्हणू नका, 'ईशी', माझा माणूस, म्हणा. मग कुणा लिहिणाऱ्याने नावातला बाल काढून तिथे 'बोशेथ', लाज, आणून बसवली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शौलाचा दुसरा मुलगा योनाथान, त्याच्या पायाने अधू मुलाचंही तेच झालं, मरीब्बालचा मफीबोशेथ. शौलानंतरचा राजा दावीद, त्याच्या एका मुलाला इतिहासात बेल्यादा म्हटलंय, शमुवेलात तो एल्यादा. गंमत अशी की इतिहासाची पुस्तकं मागाहूनची, आणि जुनी नावं त्यांनीच जपली.

तिकडे इस्राएलात एला खोऱ्यापाशी खिरबेत कैयाफा म्हणून जागा आहे, तुमच्या अश्दोदहून फार लांब नाही. तिथे 2012 मध्ये एका रांजणाची खापरं सापडली. जोडल्यावर गळ्याशी अक्षरं लागली: एश्बाल बेन बेदा, बेदाचा मुलगा एश्बाल. रांजण सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. हा शौलाचा मुलगा नव्हे, बापाचं नावच वेगळं आहे. पण त्या काळी एक माणूस हे नाव रांजणावर बिनदिक्कत कोरून घेत होता, लाज कसली?

बाकीची नावं सरळ आहेत. योनाथान म्हणजे देवाने दिलेला. अबीनादाब, माझा बाप उदार. ते दोघे आणि मलकीशुवा बापाबरोबर गिलबोवाच्या डोंगरावर लढाईत एकाच दिवशी पडले. उरलेल्या एश्बालला शौलाचा सेनापती अबनेर याने महनाइम गावी गादीवर बसवलं. दोन वर्षांनी भर दुपारी बिछान्यात त्याचा खून झाला.

मुलगी झाली तर सूनबाईला मीखल हवंय, असं तू म्हणालास. तुझी आत्या नाक मुरडेल. शौलाच्या त्या मुलीला शेवटपर्यंत मूल झालं नाही, असं लिहिलंय ना. मला नाव आवडतं. बापाची माणसं दावीदाला मारायला दाराशी बसलेली असताना तिने त्याला, आपल्या नवऱ्याला, खिडकीतून उतरवलं, बिछान्यात मूर्ती निजवून डोक्याशी बकरीच्या केसांचं काहीतरी ठेवलं, वर पांघरूण घातलं आणि सांगितलं, बरं नाही त्यांना. एवढी हुशारी नातीत आली तर मी आत्याकडे बघून घेईन.

मुलगा झाला तर योनाथान, हे तू आधीच ठरवलंयस. तुझ्या आजोबांचं नाव. आता एक ऐक, जे तुला कधी सांगितलं नाही. आजोबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी नाव विचारलं, पणजीने सांगितलं, 'योनाथान'. मास्तर म्हणाले, 'जनार्दन', आणि लिहिलंसुद्धा. पणजीला वाचता येत नव्हतं. दाखला माझ्याकडे आहे, निळ्या शाईतला 'र्द' अजून ठसठशीत. त्या दाखल्यावर नोकरी, नोकरीवर पेन्शन, म्हणून जन्मभर सरकारदरबारी जनार्दनच. सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा, धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचायला मात्र 'योनाथान बेन शलोमो' अशी हाक यायची आणि ते कोट सारखा करून उठायचे. मास्तरांचा राग त्यांनी कधी धरला नाही. मी धरतो.

थडगं बांधताना पाथरवटाने विचारलं, मराठीत काय कोरू? वर हिब्रूत योनाथान होतंच. आजीने दाखला काढून पुढे केला. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि खडूने दगडावर अक्षरं लिहून दिली.

तेव्हा मिला, सुंता, झाली की फॉर्म भरायला जाशील, तिथे भरून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचून घे. तुमच्याकडे 'योनातान' म्हणतात, तसं लिही, माझी हरकत नाही. आमसुलं आणि सूनबाईसाठी डिंकाचे लाडू येणाऱ्या माणसाकडे दिलेत. लाडू आधी खा, उकाड्याने तूप सुटतं.

तुझा,
पप्पा