लेथ भंगारात घालण्याआधी टेप लावा

महोदय,

एसटीत कारकुनी करून निवृत्त झालो. वडील मात्र इथल्या गिरणीत मेकॅनिक खात्यात टर्नर. लहानपणी त्यांचा डबा पोचवताना पाहिलेलं खातं आता जुन्या पलंगाच्या फळीवर छोट्या मॉडेलच्या रूपात उभारतोय, पण गिरणीचं नाही, बार्शी लाइट रेल्वेच्या वर्कशॉपचं. 1897 साली कुर्डुवाडी-बार्शी धावू लागलेली ती अडीच फुटी गाडी. प्रमाण 1:87. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, पावणेनऊ मिलिमीटर येतं, म्हणून 9 मिमीचा तयार रूळ चालून जातो.

यंत्रं मात्र हातानेच. सहा फुटी लेथ (धातू फिरवत कातायचं यंत्र) माझ्याकडे 21 मिलिमीटरचा. पट्ट्यांनी यंत्रं फिरवणाऱ्या छताखालच्या शाफ्टला, म्हणजे लांब दांड्याला, 24 नंबरची इंजेक्शनची सुई, टोक कापून. हिशेबाने ती दोन इंचांच्या जवळ जाते. चामडी पट्ट्यांसाठी कॅसेटची तपकिरी टेप ब्लेडने उभी चिरून तिच्या चार पट्ट्या केल्या. रंग हुबेहूब! (कॅसेट भजनांची होती. सौ. हा पेपर रोज वाचतात, तेव्हा इथंच कबूल केलेलं बरं.)

पहिला लेथ झाल्यावर वडिलांबरोबरच्या एका जुन्या फिटरकाकांना दाखवला. भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मोठ्या पायरीसमोर मोठीच पायरी? पट्टा शेजारच्या पायरीवर घेतलास की ढिला पडंल की रे!" वरची कोन पुली, म्हणजे लहानमोठ्या पायऱ्यांचं पट्ट्याचं चाक, मी उलटी बसवली होती. मोठीसमोर लहान हवी, तरच एकच पट्टा सगळ्या पायऱ्यांवर बसतो. तीन रात्रींचं काम चिमट्याने उपटलं.

हे पुस्तकी ज्ञानाने सुटत नाही, यंत्रच बघावं लागतं. गेल्या महिन्यात एका बंद कारखान्यात पट्ट्यावरचे दोन लेथ शाफ्टसकट उरल्याचं कळलं. मालक म्हणाले, सोमवारी या. सोमवारी टेप घेऊन गेलो, तर शनिवारीच किलोवर गेले होते. फरशीवर तेलाचे डाग आणि बोल्टांची भोकं. भोकांमधली अंतरं तेवढी वहीत उतरवून आणली.

विकू नका असं मी म्हणत नाही, जागा अडते, पैसाही लागतो. पण टेम्पो बोलावण्याआधी अर्धा तास द्या. बेडची लांबी, कोन पुलीच्या प्रत्येक पायरीचा व्यास, पट्टा सरळ होता की फुली मारून (फुली मारला की यंत्र उलटं फिरतं), एवढं लिहून ठेवा. फोटोत शेजारी माणूस उभा करा, म्हणजे उंची काढता येते. असे कागद किंवा जुने फोटो वाचकांकडे असतील, तर आपल्या पत्रातून छापावेत ही विनंती.

आणि एक. त्या फरशीवर भिंतीकडेला चार भोकं वेगळीच आहेत, 22 इंच बाय 14. लेथची नक्कीच नाहीत. शेपर (धातू तासायचं यंत्र) असावा असं फिटरकाका म्हणतात, मला ड्रिल, म्हणजे भोकं पाडायचं यंत्र, वाटतं. कुणी तिथं काम केलं असेल तर कळवावं.

— एक निवृत्त एसटी कर्मचारी, सोलापूर