खालच्या मजल्यावरच्या बाबूस

बाबू, तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला आवडणार नाही ते माहीत आहे. पण तू जे केलंस ते फोंड्यातल्या चार लोकांना तरी कळायला हवं म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी लेक, बाय, जॉर्जियाला एकटी फिरायला जाणार म्हणाली तेव्हा लोक थंडीचं विचारत होते, मी पहिलं विचारलं त्बिलिसीतला चेस पॅलेस बघशील ना? नोना गाप्रिंदाश्विलीच्या नावाचा आहे तो. 1962 ते 1978 ती महिलांची वर्ल्ड चॅम्पियन होती, आणि ग्रँडमास्टर किताब मिळालेली जगातली पहिली बाई. मी लहान असताना शेजारी म्हणायचे पोरीला कशाला बुद्धिबळ, तर आमचे बाबा तिचं नाव सांगून गप्प करायचे. बायने त्या इमारतीसमोरून व्हिडिओ कॉल केला तेव्हा मला बाबाच आठवत होते, धड बोलताच आलं नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा रोज संध्याकाळी वर येऊन डाव लावून द्यायचास, लिचेस हे बुद्धिबळ खेळायचं अॅपही तेव्हाच माझ्या मोबाईलवर टाकलंस. बाय निघाली तेव्हा तूच म्हणालास, काकी सारखं कुठे आहेस कुठे आहेस विचारू नका, तिच्याशी डाव सुरू करा, एका चालीला तीन दिवस. एवढ्याने माझं सगळं बदललं रे. मेसेजला ती नुसतं ‘ठीक’ लिहायची, पण चालीवरून मला कळायचं. पटकन प्यादं ढकललं की बसमध्ये आहे, रात्री उशिरा घोडा नीट जागा बघून बसवला की पोटभर जेवून निवांत बसलीय, आणि एकदा हत्ती फुकट घालवला तेव्हा मी लगेच फोन केला तर खरंच ताप होता तिला.

मग ती बातुमीला गेली. तिथेच जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेतला होता, म्हणून मीच तिला जा जा म्हणून मागे लागले होते. आणि तिथून चालच येईना. एक दिवस, दोन दिवस, व्हॉट्सअॅपला एकच टिक, माझा उंट तिच्या राजाकडे बघत तसाच उभा, आणि अॅपमधलं घड्याळ उतरतंय.

तू कुंडईची सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला आलास, जेवलाही नव्हतास, जिन्यातच मला बघून डबा खाली ठेवलास. बुकिंगचा मेल तिने पाठवलेला का एवढंच विचारलंस. माझ्या मेलमधून तो शोधलास, जागेचा नंबर काढलास, स्वतःच्या फोनवरून लावलास. पलीकडच्या बाईला इंग्लिश कळेना तर दुसऱ्या फोनवर मराठीत टाइप करून तिच्या भाषेत बोलायला लावलंस आणि तो फोन या फोनला चिकटवून धरलास. ती बाई हसली आणि हाक मारायला गेली, तेव्हा माझे गुडघे थरथरत होते आणि तू माझा हात धरून बसला होतास.

फोन समुद्रात पडला होता तिचा, बाकी काही नाही. माझा नंबरही तिला पाठ नव्हता, आता झालाय. माझ्याशी बोलून झाल्यावर तिने तिथल्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून चाल केली, माझा उंटच मारला. वेळ संपायला चार तास राहिले होते.

देव बरें करूं बाबू. मी दुसऱ्या दिवशी कॉलचे पैसे द्यायला आले तर तू दारच लावून घेतलंस, म्हणून हे पत्र. बाय गुरुवारी मोपा विमानतळावर उतरतेय, द्राक्षाच्या रसात बुडवून सुकवलेली अक्रोडांची माळ आणतेय तुझ्यासाठी, चर्चखेला म्हणतात तिला. ती मात्र घ्यायचीच. आणि डाव अजून चालू आहे, तिचं एक प्यादं जास्त आहे, रविवारी येऊन बघ मला काही सुटतंय का.

तुझी वरची काकी