शिश्नाच्या कर्करोगाबद्दलही लिहा

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला पुरुषांच्या कर्करोगांवरचा लेख वाचला. तोंड, फुप्फुस, प्रोस्टेट, वृषण, सगळं होतं. शिश्नाच्या कर्करोगावर मात्र एक ओळही नव्हती. माझ्या यजमानांना तोच झाला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. कपडे धुताना अंतर्वस्त्रावर पिवळट-तांबूस डाग दिसायचे आणि त्यांना सडका वास यायचा. विचारलं तर "उष्णता झालीय" म्हणायचे. कपाटात रुमालांखाली खाजेच्या मलमाच्या पिळून संपवलेल्या ट्यूबा सापडल्या, तेव्हा मी हट्टच धरला आणि दवाखान्यात नेलं. पुढची कातडी त्यांना कधीच पूर्ण मागे घेता येत नव्हती. तिच्याखाली चामखिळीसारखी खरखरीत गाठ होती. ती दुखत नव्हती, म्हणून ते निर्धास्त होते.

तुकडा तपासल्यावर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग निघाला. बहुतेकांना याच प्रकारचा होतो. आवळलेली कातडी, तिच्याखाली वारंवार येणारी सूज आणि तंबाखू ही याची मोठी कारणं. साधारण निम्म्या रुग्णांत ह्युमन पॅपिलोमा विषाणू सापडतो. यांच्या गाठीत तो नव्हता, तरी नात्यातल्यांची कुजबुज झालीच: "कुठे गेले असतील?" हे ऐकून आजही संताप येतो. हा विषाणू कित्येकांच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप असतो, त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा होत नाही. आणि कर्करोग तर नवऱ्याकडून बायकोला लागतच नाही. विषाणू मात्र लागू शकतो आणि गर्भाशयमुखाचा कर्करोगही त्यानेच होतो. म्हणून मीही माझी तपासणी करून घेतली.

"सगळं कापून टाकतात" या भीतीनेच पुरुष लपवतात. वेळेत गेलं तर तसं होत नाही. आजार अगदी वरवर असेल तर कर्करोगावरचं खास मलम किंवा लेझर पुरतो. कधी नुसती कातडी काढून भागतं, काहींना किरणोपचार देतात. पूर्वी गाठीभोवतीचा दोन सेंटीमीटर निरोगी भागही काढत, आता काही मिलिमीटर पुरतात. यांचा पुढचा भाग काढावा लागला, पण लघवी उभ्याने होते. संपूर्ण काढावं लागलं तर लघवीची वाट वृषणांच्या मागे करून देतात आणि बसून लघवी करावी लागते.

शस्त्रक्रियेआधी सगळे गाठीबद्दल बोलले, शरीरसंबंधांबद्दल कुणीच बोललं नाही. शेवटी मीच विचारलं. राहिलेल्या भागाला संवेदना असते, ताठरता येऊ शकते, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिवशी पहिल्यांदा उतरला. हे रुग्णाने विचारायची वाट का पाहायची?

आणि जांघ! हा रोग पसरतो तो आधी जांघेतल्या ग्रंथींत. हाताला गाठ लागली नाही तरी तिथे तो असू शकतो. पुढे माणूस वाचतो की नाही, ते बरंचसं या ग्रंथींवर ठरतं. तिथे जास्त पसरला असेल तर आधी केमोथेरपी देतात. यांच्या दोन्ही जांघांतल्या ग्रंथी काढल्या. त्यामुळे आता डावा पाय सुजतो. सकाळी उठल्याबरोबर, सूज चढायच्या आत, मी रबरी हातमोजे घालून सूज दाबून ठेवणारा घट्ट मोजा त्यांच्या पायावर इंच-इंच वर सरकवते. हातमोज्यांशिवाय त्यावर पकडच बसत नाही.

पुढच्या पुरवणीत या रोगावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती. हे पत्र यजमानांनी वाचलं आहे. त्यांनी एवढं घालायला सांगितलं: कातडी मागे घेऊन रोज साध्या पाण्याने धुवा, घट्ट असेल तर ओढाताण न करता डॉक्टरांना दाखवा. जखम, लाल चट्टा, गाठ किंवा रक्त, काहीही दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही, तर मलम बदलत बसू नका, थेट मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा.

– एक वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)